हिवाळ्यातील रस्ते, खड्डे आणि आपले वाहन

कार्तिक महिना लागला की पावसाने झोडपलेल्या रस्त्यांचे खरे स्वरूप उघडे पडते. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली लपलेला असतो आणि चालकही बिचकत, सावकाश जात असतो. आकाश निवळते, रस्ता वरवर कोरडा दिसू लागतो, वाहनांचा वेग वाढतो आणि नेमक्या याच काळात टायर फुटणे, चाकाची रिम वाकणे, गाडी एका बाजूला ओढू लागणे या तक्रारी घेऊन माणसे गॅरेजची वाट धरतात. त्यातच आपल्या राज्याच्या मोठ्या भागात उसाचा गळीत हंगाम सुरू होतो. पावसाने आतून ओला व अशक्त झालेला रस्ता आणि वर्षातील सर्वांत जड वाहतूक यांची गाठ हिवाळ्यातच पडते. ग्रामीण महाराष्ट्रातील पुष्कळशा रस्त्यांची दैना या एका योगायोगात सामावलेली आहे.

काश्मीर, लडाख किंवा हिमाचल प्रदेशातील उंच भागांत हिवाळा रस्त्यावर वेगळ्या रीतीने घाला घालतो. पाण्याचे बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. डांबराच्या भेगेत शिरलेले पाणी रात्री गोठून भेग रुंदावते, दिवसा वितळून आणखी खोल जाते आणि पुन्हा गोठते. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेला तेथील रस्ते राखताना दर वर्षी याच चक्राशी झुंजावे लागते. आपल्याकडे पाणी रस्त्यात गोठत नाही; परंतु रस्ता मोडणारे द्रव्य तेच आहे. डांबराचा खरा शत्रू चाक नव्हे, पाणी होय, हे सूत्र लडाखात जितके खरे तितकेच लातुरातही खरे आहे.

खड्डा कसा जन्मतो?

आपल्या बहुतेक ग्रामीण रस्त्यांची रचना साधी असते. तळाशी दाबलेली माती, तिच्यावर मुरमाचा थर, त्यावर खडीकरणाचे थर आणि सर्वांत वर डांबर व बारीक खडी यांचा पातळ गालिचा, ज्याला बांधकामाच्या भाषेत ‘कारपेट’ म्हणतात. पुष्कळ गावरस्त्यांवर हा गालिचा अवघा २० मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या जाडीएवढा असतो. भार पेलण्याचे काम खालचे थर करतात. गालिच्याने वाहतुकीसाठी गुळगुळीत पृष्ठभाग द्यावा आणि खालच्या थरांत पाणी जाऊ देऊ नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. रस्त्याचे ते छप्पर आहे असे म्हटले तरी चालेल.

उन्हाने आणि वयाने डांबर कडक होते. त्याची लवचिकता कमी झाली की केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून झिरपलेले पाणी खडीत आणि मातीत साठते. वरून जड चाक गेले की या अडकलेल्या पाण्यावर एकाएकी दाब येतो आणि ते बारीक माती घेऊन भेगेवाटे वर उसळते. पावसानंतर काही ठिकाणी डांबरावर मातकट डाग पसरलेले दिसतात, ते याचेच चिन्ह. माती निघून गेली की खाली पोकळी राहते, आधार गेलेला गालिचा खचतो, त्याचे तुकडे सुटतात आणि खड्डा तयार होतो. त्यानंतर मात्र त्याला कोणाची मदत लागत नाही. प्रत्येक चाक त्याच्या कडेवर आपटून दोन खडे उपटते आणि वेताएवढा खड्डा पंधरवड्यात घमेल्याएवढा होतो.

मराठवाडा, विदर्भ आणि पश्चिम महाराष्ट्राचा नदीकाठ येथील काळी माती या कामी भर घालते. ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आक्रसते. पावसाळा संपल्यावर रस्त्याच्या कडा आधी वाळतात, मधला भाग मागाहून. परिणामी कडेची माती आक्रसून खचते आणि डांबराच्या काठाशी लांबच लांब समांतर भेगा पडतात. शेतकऱ्याला उन्हाळ्यातल्या रानाच्या भेगा ठाऊक असतात. रस्त्याखालचे रानही तसेच भेगाळते, हे मात्र चटकन ध्यानात येत नाही.

भाराचे गणित

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ऑटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात रस्त्यांची एक मोठी चाचणी झाली. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून ठरावीक वजनाचे ट्रक अहोरात्र फिरवून कोणत्या भाराने किती झीज होते याची नोंद ठेवण्यात आली. त्यातून निघालेला निष्कर्ष आजही जगभरच्या रस्ते-आराखड्यांचा आधार आहे. आसावरील भार दुप्पट केला तर रस्त्याची झीज दुपटीने नव्हे, सुमारे सोळा पटींनी वाढते.

आपल्याकडे रस्त्याचा आराखडा करताना ८.१६ टन भाराचा आस प्रमाण मानला जातो. लहान मोटारीच्या एका आसावर साधारण अर्धा टन भार पडतो, म्हणजे प्रमाण आसाच्या सोळाव्या हिश्श्याएवढा. वरील नियमाने हिशेब मांडला तर मोटारीचा एक आस प्रमाण आसाच्या तुलनेत सुमारे पासष्ट हजारांश झीज करतो. म्हणजे आपल्या मोटारीने रस्ता झिजत नाही म्हटले तरी चालेल. रस्त्याने मोटार मात्र झिजते. हा व्यवहार एकतर्फी आहे खरा!

याच नियमाने, क्षमतेबाहेर भरलेला उसाचा ट्रक किंवा ट्रॅक्टरमागे जोडलेल्या दोन ट्रॉल्या आतून ओल्या असलेल्या रस्त्यावरून हंगामभर जातात तेव्हा काय होते याची कल्पना करता येईल. कारखान्याला ऊस वेळेवर पोहोचलाच पाहिजे आणि तोडणीनंतर तो फार काळ ठेवता येत नाही, हेही तितकेच सत्य आहे. म्हणून वाहतुकीला दोष देऊन भागणार नाही. परंतु एकाच खेपेत दीड खेपेचा माल नेणाऱ्याची बचत गावाच्या रस्त्यावरून वसूल होते, हे पंचायत सदस्यांनी आणि वाहतूकदारांनी एकत्र बसून एकदा समजून घेणे आवश्यक आहे.

वाहनाची निगा

रस्ता आज सुधारणे आपल्या हाती नसले, तरी त्यावरून जाणारे वाहन सुस्थितीत ठेवणे आपल्या हाती आहे.

आरंभ टायरमधील हवेपासून करावा. हवा थंड झाली की तिचा दाब कमी होतो. तापमान पाच-सहा अंश सेल्सियसने उतरले की मोटारीच्या टायरचा दाब सुमारे एक पौंडाने घटतो. ऑक्टोबरच्या रखरखीत दुपारी हवा भरली आणि डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर आला, तर टायरला छिद्र नसतानाही तीन-चार पौंड हवा कमी भरते. निफाड, धुळे किंवा गोंदियाकडील थंडीचा अनुभव असणाऱ्यांना हे विशेष लागू आहे. हवा कमी असलेला टायर खड्ड्याच्या कडेवर आदळला की रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये चिमटला जातो. त्याच्या बाजूच्या भिंतीतील दोरे तुटतात आणि तेथे फुगा येतो. असा फुगा दुरुस्त होत नाही. पंक्चर काढणारा भला माणूस ‘चालेल अजून’ म्हणाला, तरी तो टायर बदलावा, कारण भर वेगात तो केव्हा फुटेल याचा नेम नसतो. उलट, हवा प्रमाणाबाहेर भरली तर टायर ताठर होऊन धक्का थेट गाडीला बसतो. चालकाच्या दारालगत चिकटवलेल्या पट्टीवर कंपनीने दाब लिहिलेला असतो. तेवढीच हवा, गाडी फिरवण्यापूर्वी, टायर थंड असताना, पंधरा दिवसांतून एकदा तपासून घ्यावी.

मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये असा नियम आहे. दुचाकी व तीनचाकीसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. नक्षीच्या खोबणीत मधूनमधून लहान उंचवटे दिलेले असतात. झीज त्यांच्या पातळीपर्यंत आली की टायरचे आयुष्य संपले असे समजावे.

गाडी बोलत असते, ती ऐकण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते. सरळ सपाट रस्त्यावर स्टिअरिंग किंचित सैल सोडताच गाडी एका बाजूस ओढू लागली, तर चाकांची सरळ रेषा बिघडली आहे. ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरू लागले तर रिम वाकली असेल किंवा चाकाचा तोल गेला असेल. लहानशा उंचवट्यावरूनही पुढच्या चाकाकडून ‘खट्’ असा आवाज येत असल्यास बॉल जॉइंट, बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बर तपासावा. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओलावा दिसला तर त्याचे काम संपत आले आहे. पावसाळ्यानंतर एकदा चाकांचे अलाइनमेंट व बॅलन्सिंग करून घेणे हा खर्च वाटतो. ते न केल्यास नवे टायर एका कडेने झिजतात आणि मग खर्च कशाला म्हणतात ते कळते.

गाडी खालून धुण्याकडे आपले सहसा दुर्लक्ष होते. चाकांच्या वरच्या कमानीत साचलेला चिखल महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. कोकणच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. अमेरिका, कॅनडा येथील आपल्या मराठी बांधवांना हिवाळ्यात याच कारणासाठी गाडी वरचेवर खालून धुवावी लागते. तेथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ पसरतात आणि ते मीठ पत्रा खाते.

खड्डा समोर आल्यावर

खड्डा दुरून दिसला तर वेग कमी करावा, हे सांगण्याची गरज नाही. न दिसण्याची कारणे मात्र आपणच निर्माण करतो. पुढच्या वाहनाला चिकटून चालणाऱ्यास खड्डा दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. हिवाळ्यात पहाटेचे धुके, शेकोट्यांचा धूर, ट्रकमागची धूळ आणि लवकर पडणारा अंधार या सर्वांचा विचार करून नेहमीपेक्षा अधिक अंतर राखावे.

खड्डा चुकवणे अशक्य असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. ब्रेक खड्ड्याच्या आधी दाबावा, खड्ड्यात नव्हे. ब्रेक दाबताच गाडीचे वजन पुढे येते, पुढच्या स्प्रिंगा आधीच दबतात आणि धक्का झेलायला त्यांना जागा उरत नाही. शिवाय अडलेले चाक खड्ड्याची धार चढून जाण्याऐवजी तिच्यावर आपटते. म्हणून आधी वेग उतरवावा, चाक खड्ड्यात उतरण्यापूर्वी ब्रेक सोडावा, स्टिअरिंग सरळ आणि घट्ट धरून चाक मोकळे फिरू द्यावे. आघाताचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ६० किलोमीटरवरून वेग ३० वर आणला तर तो एक चतुर्थांशावर येतो. एकाएकी बाजूला वळून खड्डा चुकवणे हे सर्वांत घातक, कारण समोरून येणारा किंवा मागून पुढे जाणारा अनेकदा तुमच्या वळण्याचीच शिक्षा भोगतो. पाणी साचलेला खड्डा नेहमी खोल आहे असेच समजावे.

दुचाकीस्वारासाठी खड्डा हा नुसता खर्चाचा विषय नाही. आपल्या शाळांतील कितीतरी शिक्षक आणि ग्रामसेवक रोज दुचाकीवरून वीस-तीस किलोमीटर जातात. दुचाकीचे पुढचे चाक खड्ड्यात अडकले की तोल सावरायला क्षणही मिळत नाही. २०२२ साली देशात खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत १,८५६ माणसे मृत्युमुखी पडल्याची नोंद केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे. हेल्मेटचा पट्टा बांधण्यासाठी याहून वेगळे कारण शोधण्याची आवश्यकता नाही.

प्रस्तुत लेखकास एक धडा पदरचे पैसे मोजून मिळाला आहे. काही वर्षांपूर्वी डिसेंबरातील एका सायंकाळी गाडी खड्ड्यात उतरली, खालून दगड लागल्याचा आवाज आला; पण गाडी चालू होती म्हणून तशीच पुढे नेली. पाच-सहा किलोमीटरवर तेलाचा लाल दिवा लागला, तोही ‘गाव आलेच आहे’ या समजुतीने दुर्लक्षिला. तेलाची टाकी फुटली होती. इंजिन जागीच अडकले आणि विमा कंपनीने इंजिनाची भरपाई नाकारली. कंपनीचे म्हणणे नियमास धरूनच होते. खड्ड्यात आदळून झालेले नुकसान सर्वंकष विम्यात येते. पण त्यानंतर गाडी चालवत राहिल्यामुळे झालेले नुकसान बहुधा येत नाही. टायरचेही तसेच आहे. एकटा टायर फुटला तर सामान्यतः भरपाई नसते. गाडीच्या अन्य भागालाही त्याच वेळी इजा झाली असेल तर टायरच्या निम्म्या किमतीपर्यंत ती मिळते. केवळ तृतीय पक्षाचा विमा असेल तर स्वतःच्या गाडीसाठी काहीच मिळत नाही. तेव्हा खालून आवाज आला की गाडी थांबवून वाकून पाहावे. गाडीखाली थेंब पडत असल्यास इंजिन बंद करावे आणि गाडी ओढून न्यावी.

गावाच्या हातातील गोष्ट

पूर्वी प्रत्येक रस्त्याच्या ठरावीक लांबीसाठी एक मैलकुली नेमलेला असे. फावडे आणि घमेले घेऊन तो रोज आपल्या टापूतून फिरे, तुंबलेली गटारे मोकळी करी, मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढी. त्याचे काम कोणाच्या नजरेत भरत नसे. रस्ता मात्र टिकत असे. यंत्रे आली, मोठे ठेके आले आणि ही रोजची नजर कमी झाली.

रस्त्यावरचे पाणी लवकर उतरावे म्हणून मध्यापासून कडेपर्यंत दर मीटरला दोन ते अडीच सेंटिमीटर उतार देतात. पाणी साइडपट्टीवर येते आणि तेथून गटारात जाते. ही व्यवस्था कोठे मोडते ते पाहण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. शेजारचा शेतकरी नांगरत नांगरत साइडपट्टीपर्यंत येतो. शेतात गाडी उतरवण्यासाठी गटारावर माती टाकतो, पण खाली नळा घालत नाही. वर्षानुवर्षे माती साठून साइडपट्टीच डांबरापेक्षा उंच होते आणि पाणी रस्त्यावरच थांबते. ऊसपट्ट्यात तर विहिरीचे पाणी पलीकडे नेण्यासाठी रातोरात रस्ता खोदून पाइप घालतात आणि चर मातीने बुजवून टाकतात. त्या आडव्या चराची माती पहिल्याच पावसात खचते. गावाच्या वेशीवर गाडी जेथे दर वेळी आदळते, तेथे पाहावे. बहुधा असाच एखादा चर सापडेल. पाइप नेण्यास कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. रीतसर परवानगी घेऊन, रस्ता खोदल्यास थराथराने दाबून आणि वर डांबर घालून तो पूर्ववत करून देणे, एवढेच अपेक्षित आहे.

खड्डा बुजवण्यातही शिस्त आहे. खड्ड्याच्या सैल कडा छाटून तो चौकोनी करावा, कडा उभ्या असाव्यात. आतील धूळ व ओल काढून डांबराचा हलका हात द्यावा, मग खडी-डांबराचे मिश्रण थराथराने भरून दाबावे आणि वरचा थर रस्त्याहून किंचित उंच ठेवावा. धुळीवर डांबर चिकटत नाही आणि न दाबलेली खडी चार दिवसांत उखडते. पावसात तातडीचे काम करायचेच असेल तर त्यासाठी थंड मिश्रण मिळते. माती, विटांचे तुकडे किंवा मोठे दगड टाकून खड्डा बुजवणे हे सदिच्छेने केलेले अपकृत्य होय. मातीचा चिखल होतो, आणि सुटलेला दगड रात्री दुचाकीच्या चाकाखाली येतो.

आपला रस्ता कोणाच्या अखत्यारीत आहे, हे प्रत्येक पंचायत सदस्यास माहीत असावे. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ही वर्गवारी १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेतून आली. त्याआधी, १९२७ साली नेमलेल्या आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने रस्त्यांसाठी स्वतंत्र निधी असावा अशी शिफारस केली होती, आणि तीनुसार १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला. आपल्या पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू तेच हे जयकर. सामान्यतः राज्य मार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. राष्ट्रीय महामार्गावरील तक्रारीसाठी १०३३ हा दूरध्वनी क्रमांक आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्याच्या कडेला माहितीफलक असतो. काम पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी ठेकेदारावर असते आणि फलकावरील तारखेवरून ती मुदत केव्हा संपते ते काढता येते. मुदत संपण्यापूर्वी केलेली लेखी तक्रार आणि नंतर केलेली तक्रार यांत पुष्कळ अंतर आहे.

कायदाही आता अधिक कडक झाला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली समाविष्ट केलेल्या कलम १९८-अ अन्वये, रस्त्याची रचना, बांधणी व देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास संबंधित यंत्रणा किंवा ठेकेदार यांस एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिलेल्या आदेशात खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्यास सांगितले आहे.

रस्त्याची पाहणी करण्यास हिवाळ्यासारखा काळ नाही. पाणी कोठे साचले होते त्याच्या खुणा अद्याप ताज्या असतात, काठाच्या भेगा दिसू लागलेल्या असतात आणि पुढच्या पावसाला सहा-सात महिने अवकाश असतो. शाळेतील वरच्या वर्गाची मुले एका सकाळी शिक्षकांबरोबर गावच्या रस्त्याने चालत गेली, तरी कोणती मोरी तुंबली आहे, कोठे गटार बुजले आहे आणि कोठे आडवा चर आहे याचा साधा नकाशा तयार होईल. तो २६ जानेवारीच्या ग्रामसभेपुढे ठेवून ठरावासह उपअभियंत्याकडे पाठवला, तर नव्या आर्थिक वर्षाच्या कामांची यादी ठरताना तो त्यांच्या टेबलावर असेल. गटारे आणि मोऱ्या साफ करण्याचे काम मात्र मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या वळवानंतर लगेच करावे. आधी केले तर वाऱ्याने उडालेला पाचोळा त्यांत पुन्हा भरतो.